पंढरपूर रस्त्यावरचा समोरचा वारा आणि उखडणाऱ्या खुंट्या

जून ते ऑगस्टमध्ये सोलापूरहून मोहोळमार्गे पंढरपूरकडे सायकल काढली की पश्चिमेचा वारा थेट छातीवर येतो. अशा वेळी वेगाचा हट्ट सोडला. दोन गिअर हलके, पायांची लय तीच. कॅरियरवरची आडवी मॅट सायकलच्या लांबीत बांधली.

खरा त्रास मुक्कामाला. भिजलेल्या काळ्या मातीत तंबूची खुंटी एका झटक्यात निघते. म्हणून वाऱ्याकडची प्रत्येक दोरी मातीने भरलेल्या पिशवीच्या मध्यावर बांधून ती पिशवी फूटभर खोल पुरली, वरची माती पायाने घट्ट दाबली. दोरीसाठी तिरका चर हवाच. ती सरळ वर आली तर पिशवीच उचलली जाते. दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला. नायलॉनची दोरी भिजून सैल पडते, झोपण्याआधी पुन्हा ताणायची.