सीमध्ये ओपनएसएसएलनं टीएलएस कनेक्शन कसं करायचं, आणि पासावरचा फोटो का बघायचा

बेळगावच्या उद्यमबागेत एका हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये भट्टीजवळ एक छोटा रास्पबेरी पाय बोर्ड लावलाय, तो थर्मोकपलचं टेंपरेचर वाचतो आणि दर १० सेकंदाला बाहेरच्या सर्व्हरला पाठवतो. प्रोग्राम सीमध्ये, मीच लिहिलेला. आधी साधं टीसीपी होतं, मग मालक म्हणाले ते एन्क्रिप्ट का काय म्हणतात ते करून टाका, म्हणून मी ओपनएसएसएल (टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेलं कनेक्शन करून देणारी लायब्ररी) जोडलं, आकडे जायला लागले, वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं टूल) बघितलं तर सगळा कचरा दिसतोय, खूश झालो, बिल दिलं, विषय संपला. चार महिन्यांनी सहज म्हणून लॅपटॉपवर घरगुती सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र, पण सही माझी मीच केलेली) बनवून खोटा सर्व्हर चालू केला आणि बोर्डाच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या आयपीवर ते इथं हातानं लिहिता येतं) सर्व्हरच्या नावापुढं माझ्या लॅपटॉपचा आयपी टाकला. दहा सेकंदात स्क्रीनवर ९१८, ९१९, ९२१. भट्टीचे आकडे, एकदम ताजे, माझ्या लॅपटॉपवर! बोर्डानं एक शब्द विचारला नाही की बाबा तू कोण.

म्हणजे कुलूप भक्कम होतं, पण किल्ली कुणाच्या हातात देतोय तेच बघितलं नव्हतं. ही चूक सीमध्ये फार सोपी आहे, कारण ओपनएसएसएल क्लायंटला समोरच्याचं सर्टिफिकेट तपासायला आपण सांगितलं नाही तर ते तपासल्यासारखं करतं आणि निकाल काहीही येऊ दे, पुढं जातं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवतोय.

पहिलं सामान. उबंटू, डेबियन किंवा पायवर बिल्ड-इसेन्शियल आणि लिबएसएसएल-डेव्ह ही दोन पॅकेजं, फेडोरावर दुसऱ्याचं नाव ओपनएसएसएल-डेव्हल. कंपाइल करताना जीसीसीच्या ओळीत तुमच्या सी फाइलच्या नंतर, शेवटी, आधी डॅश एलएसएसएल आणि मग डॅश एलक्रिप्टो असे दोन फ्लॅग द्यायचे. उलटे दिले किंवा फाइलच्या आधी दिले तर कधीकधी अनडिफाइन्ड रेफरन्सची ही लांबलचक यादी येते आणि माणूस उगाच लायब्ररी परत इन्स्टॉल करत बसतो. फंक्शनांची नावं इथं बोलतो तशी लिहिलीत, टाइप करताना एसएसएल आणि सीटीएक्स कॅपिटल आणि पुढचे साधे शब्द बहुतेक स्मॉल, शंका आली की मॅन पेज उघडा, ओपनएसएसएलची मॅन पेजं वाचायला कंटाळवाणी आहेत पण खरं सगळं तिथंच आहे.

जुन्या नोट्सपासून सांभाळा. आपली व्हीटीयू (विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) १९९८ची आणि ओपनएसएसएल पण १९९८चंच, त्यामुळं कॉलेजच्या लॅबमधून पिढ्यान्पिढ्या झेरॉक्स होत आलेला कोड भरपूर सापडतो. त्यात सुरुवातीलाच एसएसएल_लायब्ररी_इनिट दिसलं की समजायचं हा कोड २०१६मध्ये आलेल्या १.१.० व्हर्जनच्या आधीचा, आता ती इनिटची गरजच नाही. टीएलएस १.३ हवं तर १.१.१ किंवा पुढचं पाहिजे, आणि १.१.१चा मोफत सपोर्ट सप्टेंबर २०२३मध्ये संपला, म्हणजे नवीन काम ३.०च्या पुढंच करा.

आता कोड. सगळ्यात आधी कॉन्टेक्स्ट (सगळ्या कनेक्शनांची सामाईक सेटिंग्ज), एसएसएल_सीटीएक्स_न्यू, त्याला आत टीएलएस_क्लायंट_मेथड द्यायची. अख्ख्या प्रोग्रामला एकच कॉन्टेक्स्ट पुरतो, दर कनेक्शनला नवीन करू नका, मी केलं होतं आणि फ्री करायला पण विसरलो होतो, दोन दिवसात बोर्डाची मेमरी भरायची. त्यावर एसएसएल_सीटीएक्स_सेट_मिन_प्रोटो_व्हर्जन लावून कमीत कमी टीएलएस १.२ ठेवा, १.० आणि १.१ मार्च २०२१पासून अधिकृतपणे मोडीत निघालेत.

मग दोन ओळी ज्या मी खाल्ल्या होत्या. एक, एसएसएल_सीटीएक्स_सेट_डिफॉल्ट_व्हेरिफाय_पाथ्स, म्हणजे सिस्टिमवर ज्या विश्वासू सीएंची (सर्टिफिकेटवर सही करून देणाऱ्या संस्था) यादी आहे ती वापर. दोन, एसएसएल_सीटीएक्स_सेट_व्हेरिफाय, त्याला एसएसएल_व्हेरिफाय_पीअर आणि शेवटी नल. क्लायंटला डिफॉल्ट असतंय व्हेरिफाय_नन, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

एवढं करून पण काम अर्धंच होतंय बरं का. खानापूरहून बेळगावला कॉलेजला येणारी पोरं बसच्या पासावर येतात. कंडक्टर घाईत असला की लांबूनच शिक्का बघतो, शिक्का खरा, तारीख चालू, चल आत. आता पास मित्राचा असला तरी शिक्का खराच असणार की! फोटो बघितला तरच कळणार. व्हेरिफाय_पीअर शिक्का आणि तारीख बघतं. फोटो बघायचा म्हणजे सर्टिफिकेटवरचं नाव आणि आपल्याला हवं असलेलं नाव जुळतंय का बघायचं, ते वेगळं सांगावं लागतं. कुणीही आपल्या स्वतःच्या डोमेनचं एकदम अस्सल सर्टिफिकेट फुकटात काढू शकतो, ते घेऊन तो तुमच्या सर्व्हरच्या जागी उभा राहिला तर नुसता शिक्का बघणारा क्लायंट त्याला आत घेणार.

म्हणून दर कनेक्शनला एसएसएल_न्यूनं ऑब्जेक्ट केला की लगेच त्याच्यावर दोन कॉल, दोन्हीत तेच सर्व्हरचं नाव. एसएसएल_सेट_टीएलएसईएक्सटी_होस्ट_नेम हे समोरच्याला सांगतं की मला अमुक नावाची साइट पाहिजे, कारण एकाच आयपीवर दहा साइट असू शकतात, हे नाही दिलं तर भलत्याच साइटचं सर्टिफिकेट हातात येतं. आणि एसएसएल_सेट१_होस्ट, हा फोटो बघणारा. बरेच जण पहिला देतात आणि समजतात की नाव तपासून झालं. नाही झालं. पहिल्यानं आपण फक्त नाव सांगितलं, तपासणारा दुसराच. दोन्ही कॉल यशस्वी झाल्यावर १ देतात, ते पण तपासा.

सॉकेटचा भाग नेहमीचाच, गेटअॅड्रइन्फोनं पत्ते काढा, एकेकावर सॉकेट आणि कनेक्ट करून बघा, जो लागला तो घ्या. मग एसएसएल_सेट_एफडीनं तो सॉकेट ऑब्जेक्टला चिकटवा आणि एसएसएल_कनेक्ट. १ आलं तरच झालं, बाकी काहीही आलं तरी थांबायचं. थांबताना ईआरआर_प्रिंट_एरर्स_एफपीनं एरर एसटीडीएरवर छापा आणि त्यासोबत एसएसएल_गेट_व्हेरिफाय_रिझल्टचा आकडा पण छापा, तो आकडाच निम्मं दुखणं सांगतो.

२० आला तर सीएचं सर्टिफिकेट आपल्याकडं सापडत नाही. पुष्कळदा दोष सर्व्हरवाल्याचा असतो, त्यानं सीए आणि सर्व्हर यांना जोडणारं मधलं इंटरमीडिएट सर्टिफिकेट पाठवलेलंच नसतंय, ब्राउझर काहीतरी जुगाड करून ते शोधून आणतो म्हणून "आमच्या क्रोममध्ये तर चालतंय की" असं उत्तर मिळतं, ओपनएसएसएल स्वतःहून शोधायला जात नाही. १८ म्हणजे सेल्फ साइन्ड. १० म्हणजे मुदत संपली. ६२ म्हणजे नाव जुळत नाही, म्हणजे फोटो दुसऱ्याचा.

आणि ९. हा ९ मला आयुष्यभर लक्षात राहील. पावसाळ्यात शॉप दुरुस्तीला बंद होतं, बोर्ड काही महिने डब्यात पडून होता. परत लावला त्या सकाळी सुपरवायझरांचा फोन, "सर, आकडा येईनासा झालाय बघा, लाइट तर पेटतीय." जाऊन लॉग बघतो तर व्हेरिफायचा आकडा ९, सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. कसं सुरू होणार, हा जुना पाय, त्यात घड्याळाची बॅटरी नसते, बंद पडला तेव्हाची तारीख धरून उठतो आणि नेटवरून टाइम मिळेपर्यंत त्याच भ्रमात असतो, आणि माझा प्रोग्राम टाइम मिळायच्या आधीच धावत सुटलेला. सर्व्हरचं सर्टिफिकेट मधल्या काळात नवीन झालं होतं, म्हणजे बोर्डाच्या हिशेबानं ते भविष्यातलं! शॉपमधला एक पोरगा म्हणाला ते चेकिंग तेवढं काढून टाका की सर, कशाला डोक्याला ताप. नाही काढलं. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करणारा) सर्व्हिस फाइलमध्ये टाइम सिंक झाल्यावरच प्रोग्राम सुरू कर असं लिहिलं आणि पुढच्या खेपेला शंभर-दोनशेचं आरटीसी मॉड्यूल (बॅटरीवालं घड्याळ) लावून टाकलं.

सर्व्हर कारखान्याच्या आतच असेल, बाहेरचं डोमेन नसेल, तरी चेकिंग बंद करायचं कारण नाही. स्वतःचा छोटा सीए बनवा, त्याची फाइल क्लायंटला एसएसएल_सीटीएक्स_लोड_व्हेरिफाय_लोकेशन्सनं द्या, आणि डिफॉल्ट पाथवाली ओळ काढून टाका म्हणजे तुमच्या सीएशिवाय दुसरा कुणीच चालणार नाही. हे खरं तर बाहेरच्या सीएपेक्षा पण घट्ट होतंय. सर्टिफिकेट काढताना सब्जेक्ट ऑल्ट नेममध्ये सर्व्हरचं नाव घाला, नुसत्या कॉमन नेमवर विसंबू नका.

आता लिहिणं-वाचणं. एसएसएल_राइट आणि एसएसएल_रीड दिसायला राइट-रीडसारखेच, पण शून्य किंवा कमी आलं की लगेच, मध्ये दुसरं काहीही न करता, एसएसएल_गेट_एररला विचारायचं, आणि कॉलच्या आधी ईआरआर_क्लिअर_एरर करून जुनी घाण काढायची, नाहीतर मागच्या कनेक्शनचा एरर या कनेक्शनच्या माथी बसतो. झीरो_रिटर्न आलं तर समोरच्यानं नीट सांगून निरोप घेतला. वॉन्ट_रीड किंवा वॉन्ट_राइट आलं तर तो एरर नव्हे, सॉकेट नॉन-ब्लॉकिंग आहे, पोलमध्ये (सॉकेट तयार होईपर्यंत वाट बघणारा कॉल) थांबा आणि तोच कॉल परत करा. राइटच्या बाबतीत तोच म्हणजे अगदी तोच बफर आणि तीच लांबी, नाहीतर बॅड राइट रिट्राय म्हणून ओरडतंय. सिसकॉल आलं तर एररनो बघा. आणि निरोप न घेता लाइन तुटली तर डेटा पूर्ण आला असं धरू नका, ३.०पासून ओपनएसएसएल याला सरळ एरर म्हणतं, ते बरोबरच आहे, कारण मधल्या कुणीतरी मुद्दाम पण तोडलेली असू शकते.

पोल किंवा सिलेक्ट वापरताना अजून एक खड्डा आहे. टीएलएसचा एक रेकॉर्ड १६ केबीपर्यंत असतो आणि ओपनएसएसएल सॉकेटातून अख्खा रेकॉर्ड उचलून उघडतं. तुमचा बफर ४ केबीचा असेल तर ४ केबी तुम्हाला मिळाले, १२ आतच राहिले, आणि तुम्ही परत पोलला विचारताय सॉकेटवर काही आहे का, पोल म्हणतो काही नाही. प्रोग्राम बसला अडकून. बेळगावात बऱ्याच भागात नळाला रोज पाणी येत नाही, पण नळ कोरडा म्हणजे छतावरची टाकी कोरडी असं कुणी समजत नाही ना, तसंच हे. पोलकडं जायच्या आधी एसएसएल_पेंडिंगनं टाकी बघायची, किंवा वॉन्ट_रीड येईपर्यंत वाचतच राहायचं.

सिगपाइप सिग्नल इग्नोर करून ठेवा, नाहीतर समोरचा गेला असताना लिहिलं की प्रोग्राम काही न बोलता मरतो. शेवटी एसएसएल_शटडाउन, ते ० देईल, घाबरू नका, त्याचा अर्थ आपला निरोप गेला, त्यांचा यायचाय. मग एसएसएल_फ्री, सॉकेट क्लोज, आणि प्रोग्राम संपताना एसएसएल_सीटीएक्स_फ्री.

सर्व्हरची बाजू थोडक्यात. टीएलएस_सर्व्हर_मेथड, मग एसएसएल_सीटीएक्स_यूज_सर्टिफिकेट_चेन_फाइल (चेनवालंच घ्या, नुसतं सर्टिफिकेट_फाइल घेतलं तर इंटरमीडिएट जात नाही आणि वरचा तो २० तुमच्या गिऱ्हाइकाला दिसतो), मग प्रायव्हेट की, मग एसएसएल_सीटीएक्स_चेक_प्रायव्हेट_की, आणि अॅक्सेप्ट झालेल्या सॉकेटवर एसएसएल_अॅक्सेप्ट. की फाइलची परमिशन ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल.

लायब्ररी स्टॅटिक लिंक करून, म्हणजे प्रोग्रामच्या आतच भरून, बोर्डावर कायमची गोठवू नका. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड नावाचं भोक निघालं तेव्हा एका रिक्वेस्टला ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर सांडत होती, ज्यांचं डिस्ट्रोच्या पॅकेजवर होतं त्यांनी पॅकेज अपडेट करून सर्व्हिस रीस्टार्ट केली की भोक बंद झालं, स्टॅटिकवाल्यांना एकेक प्रोग्राम परत बांधावा लागला. भट्टीजवळचा बोर्ड एकदा लावला की पाच-सात वर्षं कुणी बघत नाही, त्यामुळं हे आपल्याकडं जास्तच लागू.

टेस्ट करताना चाललं का हे सगळेच बघतात, तुम्ही न चालायला पाहिजे ते बघा. बॅडएसएसएल डॉट कॉमवर एक्स्पायर्ड, राँग डॉट होस्ट, सेल्फ-साइन्ड असे मुद्दाम बिघडवलेले सबडोमेन आहेत, क्लायंट तिन्हीकडं एकेकदा चालवा, १०, ६२, १८ असे आकडे येऊन थांबला पाहिजे. मग लॅपटॉपवर ओपनएसएसएल एस_सर्व्हर, घरगुती सर्टिफिकेट, होस्ट्स फाइलमध्ये खोटा आयपी, तोच माझा जुना प्रयोग. परवा मी तो परत केला, त्याच बोर्डावर. लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक पण टेंपरेचर आलं नाही, फक्त अननोन सीए असा एक अलर्ट येऊन लाइन कट. होस्ट्स फाइल आधीसारखी करायला मात्र विसरलो, दुपारी परत सुपरवायझरांचा फोन.