दोरा, पृथ्वीगोल आणि विमानाची वेळ

बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे पंचवटीतल्या आमच्या गल्लीत कोणाचं विमानाचं तिकीट निघालं की विचारणा माझ्याकडे येते, "बाई, किती लांब? किती वेळ लागेल?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी अंतर काढा, मग वेळ.

नाशिकजवळचं ओझर ते दिल्ली घ्या. ओझरचा विमानतळ 20.1 उत्तर अक्षांशावर, दिल्लीचा 28.6 वर. फरक साडेआठ अंश. एका अंशाला 111 किलोमीटर धरले, तर उत्तरेकडे 944. रेखांश 73.9 आणि 77.1, फरक 3.2. इथे मुलं हमखास चुकायची. रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून तिथे 111 ने गुणायचं नाही. या पट्ट्यात अंशाला 101 भरतात, म्हणजे पूर्वेकडे 323. मग काटकोन त्रिकोण मांडा. कर्ण येतो हजार किलोमीटरच्या जरा आत.

लांबच्या प्रवासाला मात्र दोराच हवा. माझा पृथ्वीगोल 30 सेंटीमीटर व्यासाचा, घेर 94. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरला सुमारे 425. मुंबईवर अंगठ्याच्या नखाने शिवणाचा दोरा दाबून धरा आणि लंडनपर्यंत ताणा. ताणताना तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ इराकवरून जाते; दोरा जातो इराण, कॅस्पियनचा दक्षिण कोपरा, जॉर्जिया, युक्रेन असा. तो क्षण मला अजून आवडतो. दोरा भरतो 17 सेंटीमीटर, म्हणजे 7,200 किलोमीटर. अर्धा सेंटीमीटर ढिला राहिला तर दोनशे किलोमीटरची चूक, म्हणून दोनदा मोजा.

आता वेळ. जवळच्या विमानाला ताशी 800, लांबच्याला 850 धरा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. दिल्लीला पावणेदोन तास येतात. तिकिटावर दोनच्या आसपास दिसतात, कारण ती वेळ विमान जागचं हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. लंडनला हिशोबाने नऊ येतात, प्रत्यक्षात जास्त लागतात. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे वळसा पडतो. शिवाय उंचावरचे पश्चिमी वारे जाताना समोरून येतात. येताना तेच पाठीशी असतात, म्हणून परतीचा प्रवास लवकर होतो.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, हे आधी समजून घ्या. आमच्या शेजारच्या काकू जानेवारीत दुपारी एकला निघून संध्याकाळी साडेपाचला लंडनला उतरणार होत्या. "साडेचार तासांचा तर प्रवास," म्हणून त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकल्या होत्या. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे प्रवास दहा तासांचा. मी बॅग उघडायला लावली आणि गोळ्या त्यांच्या हातातल्या पिशवीत ठेवल्या.

घर ते विमानतळ वेगळं लिहा. ओझर आम्हाला हाकेच्या अंतरावर, पण लंडनसाठी आधी मुंबई गाठायची. काकूंच्या तिकिटामागे मी पेन्सिलीने पहिली ओळ तीच लिहिली: पंचवटीतून सकाळी पाचला निघणे.