वाळूच्या तळाचा फिशटँक : साफसफाईतल्या या चुका टाळा

खडीच्या तळात माशांची घाण फटींमध्ये उतरते, म्हणून दिसत नाही. बारीक वाळूत फटीच नसतात, त्यामुळे ती वर पडून राहते. ते बघूनच बरेच जण महिन्याभरात वाळू काढून परत खडी घालतात. खरं तर घाण डोळ्यांसमोर असणं ही सोय आहे, कारण ती रोजच्या रोज उचलता येते. बिघडतं ते खडीची पद्धत वाळूला लावल्यामुळे.

सायफन वाळूत खुपसणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. खडीत सायफनचं, म्हणजे तळातली घाण पाण्यासोबत बादलीत ओढणाऱ्या नळीचं, तोंड तळापर्यंत दाबतात. वाळूत तसं केलं की वाळूच बादलीत येते. नळीचं तोंड वाळूच्या वर 1 ते 2 सेंमी अंतरावर ठेवा आणि सावकाश फिरवा. घाण हलकी असते, ती ओढली जाते. वाळू जड, ती जागच्या जागी राहते. चुकून वाळू नळीत चढायला लागली तर दुसऱ्या हाताने नळी क्षणभर चिमटीत दाबा. प्रवाह थांबतो आणि वाळू खाली पडते.

नळीची जाडी महत्त्वाची. हवेच्या पंपाची 4 मिमीची नळी गोल्डफिशच्या घाणीने तुंबते. हार्डवेअरच्या दुकानातली 12 मिमीची लेव्हल पाईप लावली तर बादली मिनिट-दीड मिनिटात भरते आणि अर्धा तळ तसाच राहतो. मधली, म्हणजे 8 ते 10 मिमीची पारदर्शक नळी घ्या. तरीही वेग जास्त वाटला तर बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा. टँकचं पाणी आणि नळीचं खालचं टोक यांच्यातलं उंचीचं अंतर कमी झालं की ओढ कमी होते. नळी तोंडाने ओढू नका. ती पूर्ण पाण्यात बुडवून भरून घ्या, टोकाला अंगठा लावा आणि बाहेर काढून बादलीत सोडा.

दोन फुटी टँकमध्ये (2×1×1 फूट) वाळू आणि वरची रिकामी जागा सोडली तर साधारण 45 ते 50 लिटर पाणी असतं. आठवड्याला पाव पाणी बदलायचं म्हणजे जेमतेम 12 लिटर, एका बादलीचं काम. त्या एका बादलीत तळ साफ व्हायला हवा, म्हणून आधी घाण एका जागी गोळा करा: एक काडी वाळूच्या वर बोटभर अंतरावरून हलकेच फिरवली की घाण तरंगते आणि कोपऱ्यात बसते. आठवड्याच्या मधे औषधाच्या दुकानातली 50 मिलीची सिरिंज, तिच्या टोकाला हातभर नळी, एवढ्यावर भागतं.

मिळेल ती वाळू भरणं

सांगली-मिरजेत बांधकामासाठी आता सगळीकडे क्रश सँड मिळते. भिंतीला ती उत्तम, टँकला नको. दगड फोडून केलेली असल्याने तिचे कण धारदार असतात, आणि वाळू हुंगत फिरणाऱ्या कोरिडोराससारख्या माशांच्या मिशा झिजू शकतात. नदीची गोल कणांची वाळू घ्या. रव्याच्या चाळणीतून खाली पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील, असा कण हवा. पिठासारखी बारीक वाळू घट्ट बसते आणि प्रत्येक हालचालीत उडते.

कृष्णा-वारणेकाठच्या वाळूत, विशेषतः पुरानंतर, गाळ भरपूर असतो. एका वेळी अर्धी बादली वाळू घेऊन, हाताने ढवळून, वरचं गढूळ पाणी ओतत राहा. दहा-पंधरा पाणी लागतात. ढवळल्यावरही पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका. धुतल्यावर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. फसफसली तर त्यात शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडी आहे. ती पाण्याचा जडपणा वाढवते, आणि आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा आधीच जड असतं.

थर 3 सेंमी पुरे. दोन फुटी टँकला कोरडी वाळू आठ-नऊ किलो लागते. मागे 4 सेंमी, पुढे 2 असा उतार दिला तर घाण काचेजवळ येते.

काळे डाग आणि कुजका वास

थर 5 सेंमीच्या वर गेला किंवा वाळू दगडाखाली दाबून राहिली की आत ऑक्सिजन पोचत नाही. तिथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू वाढतात, वाळू काळी पडते, आणि ढवळलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायू माशांना विषारी आहे. म्हणून सगळी वाळू एकदम उलथू नका. काळा भाग सायफनने थेट बाहेर काढा, दर आठवड्याला तळाचा पाव भाग, तेवढा वेळ हवेचा पंप जोरात चालू ठेवून. पुढे हे टाळायला रोपं नसलेल्या जागी दर आठवड्याला काडी 2 सेंमी खोल हलकेच फिरवा.

सगळं काढून घासून धुणं

दर महिन्याला मासे बादलीत, वाळू नळाखाली, फिल्टरचा स्पंज साबणाने: असं केलं की टँक दोन दिवस चकचकीत दिसतो, तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. घाणीतून निघणारा अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करतात. ते धुतले गेले तर अमोनिया तसाच साठतो. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाच्या क्लोरीनमुळे हे जिवाणू मरतात.

पाणी आधीच दुधाळ झालं असेल तर दोन दिवस खाणं बंद, रोज पाव पाणी बदल आणि हवेचा पंप अखंड. भरायच्या पाण्यात अँटी-क्लोरिन (क्लोरीन घालवणारं औषध) बाटलीवरच्या प्रमाणात घालायला विसरू नका. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला तर याची गरज आणखी वाढते.

फिल्टरचं तोंड वाळूजवळ

पॉवर फिल्टरने एकदा वाळू ओढली की आतला फिरता पंखा घासतो, घरघर सुरू होते आणि काही दिवसांत तो अडकतो. पाणी ओढणारं तोंड तळापासून 6 ते 8 सेंमी वर ठेवा आणि त्यावर स्पंज चढवा. सायफन करताना फिल्टर बंद ठेवा, वाळू बसली की लगेच चालू करा. बाहेर पडणारा झोत लांबीच्या दिशेने वळवला तर घाण बहुतेक वेळा एकाच कोपऱ्यात जमते. तो कोपरा सापडला की साफसफाईचं निम्मं काम संपतं.

सकरवर भरवसा

‘सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) टाका, तो घाण खातो’ हे दुकानात सर्रास ऐकू येतं. सकर शेवाळ आणि उरलेलं खाणं खातो, विष्ठा नाही. उलट तो स्वतः ढीगभर घाण करतो आणि फूटभर वाढतो. मोठा झाला म्हणून त्याला कृष्णेत सोडणं तर अजिबात नको. हा परका मासा स्थानिक माशांची जागा घेतो. वाळूत राहणाऱ्या छोट्या ट्रम्पेट गोगलगायी थर हलता ठेवतात, तेवढाच त्यांचा उपयोग. त्यांची संख्या वाढत चालली तर खाणं जास्त पडतंय असं समजा.

घाण कमी करायची तर खाण्यापासून सुरुवात करा. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा, आठवड्यातून एक दिवस उपास. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत उन्हाळा कडक असतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि अमोनिया जास्त घातक ठरतो. तेव्हा खाणं आणखी थोडं कमी करा, आणि वीज जास्त वेळ जाणार असेल तर त्या दिवशी देऊच नका.