फिजियन भाषेचे उच्चार कसे करावेत
फिजियनची रोमन लेखनपद्धती १८३५ मध्ये फिजीतील लाकेम्बा बेटावर आलेले मिशनरी डेव्हिड कारगिल यांनी एका ध्वनीला एकच अक्षर या तत्त्वावर घडवली, त्यामुळे वाचताना इंग्रजीची सवय बाजूला ठेवावी लागते. ‘बी’ या अक्षराचा उच्चार ‘म्ब’ होतो; ‘आंबा’ म्हणताना आरंभीचा ‘आ’ गाळून पाहावा, म्हणजे ‘म्बुला’ हे तिथले अभिवादन जिभेवर बसते. त्याच न्यायाने ‘डी’चा ‘न्ड’ आणि ‘क्यू’चा ‘ङ्ग’ होतो. ‘जी’ मात्र निव्वळ ‘ङ’, जो आपण जवळजवळ ‘वाङ्मय’ या शब्दापुरताच राखून ठेवला आहे. ‘सी’साठी जिभेचे टोक दातांमध्ये हलकेच धरून ‘द’ घासत उच्चारावा. ‘क’ आणि ‘त’ आपल्यासारखेच अल्पप्राण असल्याने तिथे मराठी माणसाला फारसे कष्ट पडत नाहीत.