नुसतं ‘विषबाधा’ लिहून भागत नाही
कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की बीड-परभणीकडच्या कॅज्युअल्टीत विषबाधेचे पेशंट येतातच. घाईत डॉक्टरसाहेब पेपरवर ‘पॉयझनिंग’ एवढंच खरडतात आणि बिलिंगवाला कोड शोधत बसतो. नातेवाइकांना औषधाची बाटली आणायला सांगा, लेबलवरचा घटक जसाच्या तसा उतरवून घ्या. ऑर्गॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक प्रकार) असेल तर आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या कोडच्या जागतिक यादीत, टी६०.०, सापाचं विष असेल तर टी६३.०. फवारताना अंगावर उडालं की मुद्दाम प्यायलं, हेही हवंच: पहिल्याला एक्स४८, दुसऱ्याला एक्स६८. विम्याच्या क्लेमची गाडी बहुतेक इथंच अडते. अंदाजानं मात्र काही भरू नका. आणि हो, ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) किती वाजता, किती दिलं ते तिथल्या तिथं टिपा. डिस्चार्जच्या दिवशी कुणाला आठवतंय?