पिकलबॉल शिकताय? आधी हात आवरा

पिकलबॉल म्हणजे पॅडलने, म्हणजे छोट्या चपट्या बॅटने, प्लॅस्टिकचा चेंडू जाळीपलीकडे मारायचा खेळ. सोसायटीच्या आवारात बॅडमिंटन कोर्ट आखलेलं असेल तर निम्मं काम झालंच समजा. १९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मला तोच एका जुन्या बॅडमिंटन कोर्टवर, म्हणून मापही तेच राहिलं: ४४ बाय २० फूट. भारतात तो आणला मुंबईच्याच सुनील वालावलकरांनी.

जाळी मात्र खाली घ्यावी लागते. कडेला ३६ इंच, मध्ये ३४. शिवाय जाळीपासून दोन्ही बाजूंना ७ फुटांवर रेघ मारा. बॅडमिंटनची पुढची रेघ साडेसहा फुटांवर असते, तीच चालवून घेऊ नका. अर्ध्या फुटावरून भांडणं होतात.

या सात फुटी पट्ट्याला किचन म्हणतात. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. टप्पा पडलेला चेंडू मारायला खुशाल आत जा. व्हॉली, म्हणजे हा हवेतला फटका, बाहेरून मारली, पण तोल जाऊन पाय आत पडला, तरी फॉल्ट. बाकी नियम चहा पिता पिता समजतात: सर्व्ह खालून आणि तिरकी, तिचा टप्पा पडू द्यायचा, परतीच्या फटक्याचाही पडू द्यायचा, आणि मगच व्हॉली. दुहेरीत सहसा गुण सर्व्ह करणाऱ्या जोडीलाच मिळतो. गेम ११ चा, दोनच्या फरकाने.

पॅडल पहिला महिना उसनं घ्या. पैसे बुटांवर घाला. धावण्याचे बूट नकोत, त्यांत बाजूला झेपावताना घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे किंवा टेनिसचे चालतील.

चार-पाच गेम खेळून झाले की लगेच कोच गाठा, चुकीच्या सवयी मुरायच्या आत. पैसे भरण्याआधी त्याचं एक सत्र कडेला बसून बघा. नुसतेच सामने लावून ‘मस्त, मस्त’ म्हणत असेल तर दुसरा शोधा. चांगला कोच खेळ मध्येच थांबवतो आणि तुमचे पाय कुठे आहेत ते दाखवतो. मी बॅडमिंटनवाला, मनगटाचा झटका हाडात भिनलेला. माझ्या कोचने पहिली पंधरा मिनिटं पॅडल दिलंच नाही, नुसता हाताने चेंडू झेलायला लावला. राग आला होता, पण हात तिथेच सैल झाला.

मग ‘डिंक’ हा फटका. दोघांनी समोरासमोर किचनच्या रेघेमागे उभं राहायचं आणि चेंडू अलगद पलीकडच्या किचनमध्ये सोडायचा. सलग वीस जमेपर्यंत स्मॅशचं नाव काढू नका.

खरी परीक्षा तिसऱ्या फटक्याची, म्हणजे सर्व्ह आणि परतीच्या फटक्यानंतरच्या. कारण साधं आहे. सर्व्ह करणारी जोडी टप्प्याच्या नियमामुळे मागे अडकलेली असते, आणि परतवणारी जोडी तोवर जाळीपाशी येऊन उभी असते. अशा वेळी जोरात मारलं, की चेंडू त्याहून जोरात परत येतो. म्हणून मागून असा फटका सोडायचा की तो त्यांच्या किचनमध्ये पडेल आणि तेवढ्यात तुम्ही पुढे याल. गुडघे वाकवा, मनगट घट्ट, हात खांद्यातून ढकला. चेंडू सर्वांत उंच जायला हवा तो जाळीच्या अलीकडे, आपल्याच बाजूला. सराव पुढून मागे करा: आधी किचनच्या रेघेवरून, मग दोन पावलं मागून, मग आणखी दोन. थेट मागच्या रेघेवरून सुरुवात केलीत तर आठवडाभरात कंटाळून पुन्हा हाणामारीवर याल.

डोक्यावरून लॉब, म्हणजे उंच फटका, आला तर उलट्या पावलांनी पळू नका, अंग वळवून पळा. पन्नाशीपुढच्यांनी तर हे पहिल्याच दिवशी शिकावं, कारण पडणं बहुधा इथेच होतं.

दर पंधरा दिवसांनी बाकावर मोबाइल टेकवून एक गेम चित्रित करा आणि कोचला दाखवा. एका वेळी एकच चूक धरा.

संध्याकाळचा स्लॉट मिळणं म्हणजे विरार लोकलमध्ये खिडकी मिळण्यासारखं, तेव्हा सकाळ धरा. पावसाळ्यात ओल्या उघड्या कोर्टवर उतरू नका, पार्किंगमधल्या भिंतीवर डिंक घोटवा. मात्र पहिल्या मजल्यावरच्यांना आधी विचारून. या प्लॅस्टिकच्या चेंडूची टकटक त्यांना दुपारी झोपू देत नाही.