फाल्गुनातला धबधबा: वाट सोडून ओढ्याने कसं जावं

होळी ते पाडवा हे काही सह्याद्रीत धबधबे बघायचे दिवस नव्हेत, असं सगळे सांगतात. नावाजलेल्या मोठ्या धबधब्यांपुरतं ते खरंही आहे, कारण त्यांची सगळी मिजास पावसावर. पण माणगाव-रोह्याच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याच्या रानात, काही ओढ्यांच्या शेवटी मार्चमध्येही करंगळीएवढी धार पडत असते. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातकट थर असतो. वरच्या भेगाळ कातळात मुरलेलं पाणी त्यापाशी अडतं आणि आडवं झिरपत कड्यातून बाहेर येतं. आपल्याला जायचंय ते अशा धारेखालच्या डोहापर्यंत.

ओढा निवडायचा तो पायथ्याच्या वाडीत विचारून. ‘धबधबा कुठेय?’ असं विचाराल तर ‘आता कसला धबधबा, आषाढात या’ हेच ऐकाल. ‘मामा, या दिवसांत गुरं पाण्याला कुठे नेता?’ असं विचारा. मामा बरोबर यायला तयार असतील तर त्यांना योग्य मोबदला देऊन न्या आणि हा लेख इथेच सोडा. अभयारण्याच्या हद्दीत वाट सोडायची नसते, तेव्हा तो भाग असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा.

बूट, पाणी, टोपी हे सांगत बसत नाही. बाह्या मात्र पूर्ण हव्यात. या दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात आणि त्यांची कुसं नुसत्या धक्क्याने अंगावर पडतात. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा.

धबधब्याकडे नेहमी खालून वर जायचं. ‘वाट चुकली की ओढा धरून उतरा, गाव लागतं’ हा सल्ला कुणी काढला माहीत नाही, पण घाटमाथ्यावर तो जिवावर बेतणारा आहे. तिथला ओढा चार-दोन वळणं घेऊन थेट कड्यावरून कोकणात उडी मारतो. खालून आलात तर तोच कडा तुम्हाला समोर येऊन थांबवतो.

वाडीपासून ढोरवाट ओढ्याला भेटेपर्यंत काहीच अवघड नाही. तिथून पुढे पात्रातूनच चाला. काठाने कारवीत घुसलात तर तासाभरात शंभर पावलंही होणार नाहीत.

आता खरी मेख. ओढ्याने वर जाताना फाटे लागतात, आणि लोक चुकतात ते इथे. रुंद पात्र दिसलं, मोठे धोंडे दिसले की पाय आपोआप तिकडे वळतात. पण रुंदी सांगते की पावसाळ्यात पाणी कुठून येतं. आज ते कुठे आहे, हे तिच्यावरून कळत नाही. वरून कोरडा दिसणारा फाटाही फसवा असतो, कारण उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी धोंड्यांखालून वाहतं. मलाही हे नजरेत बसायला बराच काळ लागला. फाट्यावर पाच मिनिटं थांबा. दोन्हीकडच्या धोंड्यांच्या खालच्या बाजूला हात घाला आणि गारवा कुठे लागतो ते बघा. मग मान वर करा. साग, ऐन निष्पर्ण झालेले असताना ज्या फाट्यावर उंबर, जांभूळ, करंज असे हिरवेगार उभे आहेत, तो आपला. ज्याच्या पात्रात वाळल्या पानांचा गुडघाभर थर साचलाय, तो सोडा. त्या पानांत दगडांमधल्या फटीही दिसत नाहीत आणि फुरसंही दिसत नाही.

फोनवर भरवसा ठेवू नका. अरुंद घळीत आकाशाची चिंधी दिसते, त्यामुळे नकाशावरचा ठिपका कधी या फाट्यावर, कधी शेजारच्या टेकाडावर उड्या मारतो.

परतीला फाटे चुकत नाहीत, कारण उतरताना सगळे ओढे एकमेकांना मिळतच जातात. चुकते ती पात्रातून बाहेर पडायची जागा. जाताना ढळढळीत दिसणारी ढोरवाट वरून येताना झाडोऱ्यात गडप झालेली असते. माणूस बोलत बोलत पुढे जातो आणि एखाद्या कातळटप्प्याच्या माथ्यावर उभा राहतो. बहुतेक वेळा तो टप्पा टाळायलाच वाट ओढ्याबाहेर गेलेली असते. म्हणून पात्रात शिरल्या शिरल्या, दहा पावलं वर जाऊन मागे वळा आणि तिथून दिसेल अशा बेताने डोळ्यांच्या उंचीवर भडक कापड बांधा. बहुतेक जण खूण बांधतात ती चढताना दिसेल अशी. तिचा परतीला काडीचा उपयोग नसतो.

मधले छोटे टप्पे हातपाय टेकून चढता येतात. नियम एकच: जे उतरता येणार नाही ते चढायचं नाही. खात्री नसेल तर तिथेच चढून-उतरून बघा, मग पुढे जा. शेवाळलेल्या कातळावर कुठलाही बूट धरत नाही, दुकानदार काहीही सांगो.

डोहाशी पोहोचलात की आधी कड्याकडे बघा. आग्या मोहोळं लटकत असतील तर लांबूनच परत फिरा. धूर, अत्तर, आरडाओरडा यांतलं काहीही नको. मोहोळ उठलं की पाण्यात बुडी मारून सुटका होत नाही, माश्या वर वाट बघत घोंगावत राहतात. मोहोळ नसेल तर खुशाल बसा, पाय बुडवा. डोहात सूर मात्र मारू नका, तळाशी धोंडे असतात. साबण, शाम्पू तर अजिबात नको. या दिवसांत तो रानातल्या जनावरांचाही पाणवठा असतो, म्हणून सकाळी आठ-नऊच्या आधी पोहोचायची घाई करू नका आणि तीनच्या सुमारास निघा. दुपारी डोंगरावर काळे ढग जमायला लागले तर जेवण अर्धवट टाकून निघा. वळवाची एक सर वर कोसळली तरी खाली पात्रात लोंढा येऊ शकतो.

खाली आलात की कापड सोडून घ्या. आधीच्या कुणाच्या चिंध्या लोंबत असतील तर त्याही काढा, नाहीतर पुढचा माणूस त्यांच्या नादाने भलत्याच फाट्याला लागतो.